‘हाउसकीपिंगला जोडून द्याल का?’

ताई,
मी वाळपईची. प्राथमिक शाळा मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी, मग बी.कॉम. पणजीत एका लॉन्ड्री कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. प्लांट कुंडईला. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ आम्ही धुऊन देतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मला अकाउंट्समधून काढून सेल्सला घातलं. सरांनी हॉटेलांच्या नंबरांची एक्सेल शीट आणि इंग्रजीतली पानभर स्क्रिप्ट हातात दिली. रोज साठ कॉल करायचे. मी वाचायला लागते तोच समोरून ‘नॉट इंटरेस्टेड’ नाहीतर ‘सेंड मी ॲन ईमेल’. कोणी स्क्रिप्टमध्ये नसलेलं काही विचारलं की माझी वाचाच बसते. रिसेप्शनवाल्या पुढे जोडूनच देत नाहीत. एका मॅनेजरने तर ‘हू गेव्ह यू माय नंबर?’ म्हणून झापलं. कोकणीतून मी कोणाशीही बोलेन, पण सर म्हणतात, इंग्रजीतूनच बोल, नाहीतर लोक आपल्याला प्रोफेशनल समजणार नाहीत. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? स्क्रिप्टचा फोटो सोबत पाठवते.
– सायली (नाव बदललं आहे)

प्रिय सायली,

फोटो पाठवलास ते बरं केलंस. अर्धं दुखणं त्या पानावरच आहे. मी बरीच वर्षं हॉटेलच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात काढली, फोन घेणाऱ्यांच्या बाजूला. तू ज्यांना घाबरतेस त्यांच्यातलीच मी एक, असं समज आणि पुढचं वाच.

आधी क्लासचं सांगते. या कामासाठी तरी लावू नकोस. क्लासात बारा काळ शिकवतील, ‘इंट्रोड्यूस युअरसेल्फ’ करायला लावतील, एखाद्या विषयावर दोन मिनिटं बोलायला उभं करतील. तुला दोन मिनिटं बोलायचंच नाहीये. तुला लागतात ती पंचवीस-तीस वाक्यं, तीही छोटी आणि तोंडात इतकी बसलेली की झोपेतून उठवलं तरी यावीत. ती घरी बसून होतात. पत्रावरून तुझं इंग्रजी कच्चं वाटत नाही. स्क्रिप्टबाहेरचा प्रश्न आला की तू अडतेस, कारण मालाबद्दल तुला स्क्रिप्टपलीकडचं काही कोणी सांगितलेलंच नाही. अकाउंट्समधून उचललं आणि फोनवर बसवलं, मग येणार कुठून?

आता ती स्क्रिप्ट. ‘गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ सायली, वुई आर अ लीडिंग प्रोव्हायडर ऑफ प्रीमियम लॉन्ड्री सोल्युशन्स कॅटरिंग टू द हॉस्पिटॅलिटी इंडस्ट्री विथ स्टेट-ऑफ-द-आर्ट मशिनरी…’ यात श्वास कुठे घ्यायचा? परचेसला दिवसभर असेच फोन येतात. युनिफॉर्मवाले, आरओवाले, सीसीटीव्हीवाले, प्रिंटरच्या काडतुसांवाले, आणि प्रत्येक जण लीडिंग प्रोव्हायडर. ‘लीडिंग’ हा शब्द कानावर पडेपर्यंत माझा हात दुसऱ्या फाइलकडे गेलेला असायचा. उद्धटपणा म्हणून नव्हे. त्या वाक्यात माझ्या हॉटेलाबद्दल काहीच नसायचं, म्हणून. आणि ‘मायसेल्फ’ आजच सोडून दे. ‘धिस इज सायली’ एवढं पुरतं.

मुळात फोन कशासाठी करतेस ते ठरव. फोनवर लॉन्ड्रीचं कॉन्ट्रॅक्ट कोणी देत नाही. हॉटेलच्या कपाटात लाखांचं लिनन असतं, ते एका अनोळखी आवाजाच्या हवाली कोण करील? तुझ्या फोनला एकच काम असू दे: त्यांचे सगळ्यात खराब दहा टॉवेल मागायचे. फुकट धुऊन दोन दिवसांत परत आणून द्यायचे. कळंगुटच्या वाटेवर तुमचा टेम्पो रोज फिरतच असणार, दहा टॉवेल त्याला जड नाहीत. सरांची परवानगी आधी घे. ती मिळाली की फोन सोपा होतो. तुला काही विकायचं नसतं, एक पिशवी न्यायची असते. ‘नाही’ म्हणायला समोरच्यालाही मग थोडा विचार करावा लागतो.

त्याआधी अर्धा दिवस कुंडईला प्लांटवर उभी राहा. ऑफिसात बसून हे काम कळणार नाही. तिथल्या सुपरवायझरला विचार, कोणता डाग निघतो, कोणता निघत नाही, कोणता आपल्याच चुकीने पडतो. एक उदाहरण देते, तुझ्या फार उपयोगाचं आहे. पूलवरचे पांढरे टॉवेल धुऊन आले की त्यांवर नारिंगी, गंजासारखे डाग उमटतात. धुण्याआधी ते नसतात, म्हणून हाउसकीपिंगवाले लॉन्ड्रीला शिव्या घालतात. खरं कारण बहुधा पाहुण्यांच्या अंगावर असतं. पुष्कळ सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं. धुण्याच्या पाण्यात लोह असलं की दोघांचं मिळून हा गंजासारखा रंग तयार होतो. मग डाग दिसला की लोक क्लोरीनचं ब्लीच ओततात, आणि तो आणखी पक्का बसतो. त्यावर गंज काढणारं रसायन लागतं आणि मुळात पाण्यातलं लोह काढावं लागतं. तुमच्या प्लांटवर यासाठी काय करतात, ते नीट समजून घे. काहीच करत नसतील तर फोन करण्याआधी सरांना ते सांग. जे जमत नाही ते विकू नकोस.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की तुझ्या तोंडी एक असा प्रश्न येतो जो बाकीच्या लीडिंग प्रोव्हायडरांपैकी कोणीच विचारलेला नसतो: ‘डू युअर पूल टॉवेल्स कम बॅक फ्रॉम द वॉश विथ ऑरेंज पॅचेस?’ कांदोळीतल्या एखाद्या हाउसकीपरने हे ऐकलं की ती फोन ठेवत नाही. ती म्हणते, ‘यस! व्हाय इज दॅट?’ आणि यापुढे बोलायला स्क्रिप्ट लागत नाही, कारण उत्तर तुला ठाऊक असतं.

रोज साठ फोन हा आकडा मला मान्य नाही. साठ फोन करणाऱ्याला एकाही हॉटेलची माहिती काढायला वेळ मिळत नाही. पंधरा कर, पण प्रत्येकाआधी चार-पाच मिनिटं त्या हॉटेलवर घाल. खोल्या किती, पूल आहे का, रेस्टॉरंट आहे का, लग्नं होतात का, हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर असतं. मग गूगलवरचे पाहुण्यांचे अभिप्राय उघड आणि त्यांत ‘टॉवेल’, ‘बेडशीट’, ‘स्टेन’, ‘स्मेल’ असे शब्द शोध. पावसाळ्यातल्या अभिप्रायांत दमट वासाची तक्रार हमखास सापडते. मात्र सापडलं म्हणून फोनवर वाचून दाखवू नकोस. ‘सर, युअर गेस्ट सेज युअर शीट्स आर स्मेलिंग’ असं तोंडावर ऐकून कोण खूश होईल? तक्रार मनात ठेव आणि तिचा प्रश्न कर: ‘हाउ डू यू मॅनेज ड्राइंग इन द मॉन्सून?’

थोडा हिशेबही करून ठेव. हॉटेलात लिननचे ‘पार’ मोजतात. एक पार म्हणजे सगळ्या खोल्या एकदा लावायला लागणारा माल. साधारण तीन पार ठेवतात: एक खोल्यांत, एक धुण्यात, एक कपाटात. चाळीस खोल्या आणि खोलीला दोन बाथ टॉवेल धरले तर एक पार ऐंशी टॉवेलांचं, तीन पार म्हणजे दोनशे चाळीस. आता पावसात टॉवेल वाळायला एका दिवसाऐवजी दोन लागले, तर धुण्यात एकाऐवजी दोन पार अडकतात आणि कपाट रिकामं होतं. मग हाउसकीपर पाहुण्याला दुसरा टॉवेल द्यायला कां-कूं करते आणि पाहुणा अभिप्राय लिहितो. तू विचारलंस, ‘आर यू रनिंग ऑन थ्री पार?’ की समोरचीला कळतं, ही मुलगी कागद वाचत नाहीये. सरांना हवा असलेला प्रोफेशनलपणा तो हाच, असं माझं मत. ॲक्सेंटशी त्याचा संबंध नाही.

आता कोणाशी बोलायचं. मोठ्या हॉटेलात त्रास एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरला होतो, दर परचेस मॅनेजर ठरवतो आणि सही जनरल मॅनेजरची असते. तुझ्यासारख्या नवख्या मुली थेट परचेसला फोन लावतात, आणि तिथे दराखेरीज दुसरं काही कोणी ऐकत नाही. तू हाउसकीपिंगपासून सुरुवात कर. ज्याचा जोडा त्यालाच तो कुठे चावतो ते ठाऊक. तिने आत जाऊन ‘हे करून बघूया’ म्हटलं तर परचेसवाला तुझा फोन घेतो, आम्ही घ्यायचो. वीस-पंचवीस खोल्यांच्या घरगुती हॉटेलात मात्र सगळं मालकाकडे किंवा त्याच्या मुलाकडे असतं, तिथे खाली रेंगाळून उपयोग नाही. आणि बऱ्याचशा पंचतारांकितांची स्वतःची लॉन्ड्री असते. त्यांची नावं शीटच्या तळाला टाक. मशीन बिघडलं की तेच तुम्हाला शोधतील, तोवर तुमचं नाव त्यांना माहीत असलं म्हणजे झालं.

रिसेप्शनवरच्या मुलीला भिंत समजू नकोस. तिच्यासमोर उभा पाहुणा पासपोर्ट धरून ताटकळत असतो आणि तुझ्या लांबलचक प्रस्तावनेला तिच्याकडे वेळ नसतो. ‘मे आय स्पीक टू द कन्सर्न्ड पर्सन?’ असं विचारलंस की ‘रिगार्डिंग व्हॉट?’ येणारच. त्यापेक्षा मदत माग: ‘हाय, धिस इज सायली फ्रॉम द लॉन्ड्री इन कुंडई. कुड यू हेल्प मी? हू लुक्स आफ्टर लिनन देअर?’ नाव मिळालं की ‘थँक यू. कुड यू पुट मी थ्रू टू हर, ऑर इज देअर अ बेटर टाइम?’ तिने सांगितलेली वेळ लिहून घे आणि तिचं स्वतःचं नावही विचारून घे. पुढच्या वेळी ‘हाय रोशनी’ म्हणालीस तर आवाजातला फरक तुलाच जाणवेल.

वेळेचं गणित गोव्यात निम्मं काम करतं. चेकआउट अकरा-बाराला, चेकइन दोनला. या मधल्या वेळात हाउसकीपिंगला फोन करणं म्हणजे वैर ओढवून घेणं. सकाळी त्यांची ब्रीफिंग आणि खोल्यांची वाटणी चालू असते. घरगुती हॉटेलचा मालक दीड ते चार जेवून आडवा झालेला असतो, त्याला उठवलंस तर पुढची दहा वर्षं तो तुझा आवाज विसरणार नाही. हाउसकीपिंगला साडेतीन ते पाच आणि मालकाला सकाळी साडेदहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचनंतर, हे मला सगळ्यात बरं वाटतं. वर्षाचंही तसंच. नव्या सिझनचे व्यवहार परदेशी पाहुण्यांची चार्टर विमानं सुरू होण्याआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात ठरतात. आत्ता तू जे फोन करशील त्यांचं मोल डिसेंबरातल्या फोनांना येणार नाही. गणेशचवथीचा आठवडा सोडून दे, अर्धा स्टाफ गावी असतो. वीस डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा फोनला हातही लावू नकोस. त्या दिवसांत कोणी तुला फोन केला तर मात्र धावत जा, कारण त्याच्या लॉन्ड्रीवाल्याने त्याला बुडवलेलं असतं.

प्रत्यक्ष बोलणं साधारण असं असावं. हाउसकीपर फोनवर आली आहे.

‘गुड आफ्टरनून, धिस इज सायली. आय कॉल फ्रॉम अ लॉन्ड्री इन कुंडई. वुई हॅवन्ट स्पोकन बिफोर. डू यू हॅव वन मिनिट?’

इथे थांब. ती ‘टेल मी’ म्हणेल. आपल्याकडे बहुतेक जण तेच म्हणतात, त्यात राग नसतो.

‘वुई वॉश लिनन फॉर हॉटेल्स. आय हॅव जस्ट वन क्वेश्चन. डू युअर पूल टॉवेल्स कम बॅक विथ ऑरेंज पॅचेस?’

पुन्हा थांब. हे थांबणं सगळ्यात अवघड. दोन सेकंद गेली की तुला वाटेल, फोन कट झाला. झालेला नसतो, ती विचार करत असते. आपण घाबरलो की ती जागा बोलून भरून काढतो आणि तिचं उत्तर आपणच गिळतो. हात तोंडावर ठेवून बस, पण थांब.

ती जे सांगेल त्यातलाच एक शब्द उचलून पुढचा प्रश्न विचार. ‘यस, मोस्टली ऑन द ब्लू वन्स’ म्हणाली तर ‘ओन्ली द ब्लू वन्स? सिन्स व्हेन?’ इतकं साधं. मग दोन वाक्यांत सनस्क्रीनचं कारण सांग, आणि मागणी कर: ‘गिव्ह मी युअर वर्स्ट टेन टॉवेल्स. वुई विल वॉश देम फ्री अँड ब्रिंग देम बॅक इन टू डेज. कॅन आय कम ऑन थर्सडे ॲट फोर?’ वार आणि वेळ तूच सुचव. ‘व्हेन कॅन आय कम?’ विचारलंस की ‘आय विल लेट यू नो’ येतं आणि ते कधीच कळवलं जात नाही.

आता तुला ठेचकाळायला लावणारी उत्तरं. ‘वुई आर हॅपी विथ अवर लॉन्ड्री’ हे बऱ्याचदा खरंच असतं. भांडू नकोस आणि त्यांच्या लॉन्ड्रीला नावं तर अजिबात ठेवू नकोस. गोवा केवढासा, तो लॉन्ड्रीवाला तिचा मावसभाऊही निघायचा. ‘गुड टू हिअर. हू डू यू कॉल व्हेन देअर मशीन ब्रेक्स डाउन?’ असं विचार. भर सिझनमध्ये दुसरा पर्याय नसणं ही त्यांची खरीखुरी भीती असते, आणि ‘स्टँडबाय’ म्हणून आत शिरणं सोपं.

‘सेंड मी ॲन ईमेल’ म्हणजे दहातल्या नऊ वेळा ‘जा आता’. तरी हो म्हण आणि लगेच विचार: ‘शुअर. सो दॅट आय डोंट सेंड यू अ लाँग ब्रोशर, व्हॉट शुड आय पुट इन इट? रेट्स, ऑर द टॉवेल प्रॉब्लेम?’ काहीतरी निवडलं तर त्या बाईला थोडा रस आहे. ‘एनीथिंग’ म्हणाली तर नाही. मेल चार ओळींचा लिही, आणि कंपनीच्या इतिहासाची पीडीएफ जोडलीस तर मला सांगू नकोस.

‘व्हॉट’स युअर रेट?’ याला बगल देऊ नकोस. सेल्सचे गुरू शिकवतात की दर फोनवर सांगायचा नाही. फोन घेणाऱ्याच्या बाजूने सांगते, त्याची चीड येते. सरांकडून प्रत्येक नगाचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा दर लिहून घे आणि सांगून टाक: ‘फॉर अ बाथ टॉवेल, बिटवीन धिस अँड धिस, डिपेंडिंग ऑन युअर व्हॉल्यूम.’ आकडा सांगताना एक सांभाळ. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी एकसारखेच ऐकू येतात. आमच्याकडे असाच एक पुरवठादार फोनवर ‘थर्टीन’ बोलला आणि बिल आलं तेव्हा दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असं आकडे सुटे करून म्हणायची सवय लाव. ईमेलचा पत्ता घेतानाही तसंच: एम फॉर मडगाव, एन फॉर नाशिक. फोनवर हे दोन्ही एकच वाटतात.

न समजलेलं समजल्यासारखं दाखवू नकोस. ‘सॉरी, कुड यू से दॅट वन्स मोअर?’ यात कमीपणा काही नाही. केरळचा जनरल मॅनेजर, दिल्लीची फ्रंट ऑफिस मॅनेजर आणि मडगावचा परचेसवाला एकमेकांना दिवसातून कितीदा तरी हेच विचारत असतात. उत्तर ठाऊक नसलं तर: ‘आय डोंट वाँट टू गिव्ह यू अ राँग फिगर. कॅन आय चेक अँड कॉल यू बॅक बाय फोर?’ आणि चारच्या आत फोन कर, उत्तर मिळालं नसलं तरी कर. हे एक वाक्य पाठ असलं की वाचा बसत नाही, कारण कुठल्याही प्रश्नाला निदान एक उत्तर तुझ्याकडे कायम असतं.

इंग्रजीच्या बारीकसारीक गोष्टींत फार शिरत नाही. ‘वुई आर हॅविंग अ प्लांट’ऐवजी ‘वुई हॅव अ प्लांट’. दर वाक्याला सर-मॅडम नको, सुरुवातीला एकदा पुरे. वेग निम्मा कर. आपण घाबरलो की इंग्रजी भरधाव सोडतो, आणि कोकणी-मराठीचा हेल तिच्यात मिसळला की समोरच्याला पहिली चार वाक्यं कळतच नाहीत. हेल राहू दे, वेग कमी कर. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐक. पहिल्यांदा ऐकताना कानावर हात ठेवावेसे वाटतील, ते सगळ्यांनाच वाटतं.

कोकणीचं विचारलंस. सरांचं अर्धं बरोबर आहे. सुरुवात इंग्रजीतून कर, कारण पलीकडे कोण आहे ते तुला माहीत नसतं. गोव्यातल्या हॉटेलात आसामपासून केरळपर्यंत कुठलंही माणूस फोन उचलू शकतं. पण समोरच्याने ‘खंयच्यान उलयता गो?’ (कुठून बोलतेस गं?) म्हटलं की इंग्रजीला चिकटून बसू नकोस. ते तोंड फिरवल्यासारखं दिसतं. गप्पा कोकणीत कर, नग, दर आणि तारीख मात्र शेवटी इंग्रजीत पुन्हा म्हणून घे आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. कोकणीत आपलेपणा इतका लवकर येतो की ‘बघूया गो बाय, फोन कर मगीर’ यावर खूश होऊन आपण फोन ठेवतो आणि हातात काहीच नसतं. वाळपईचं नाव निघालं, तिथलं कोणी ओळखीचं निघालं, तरी गुरुवार चार वाजता हे ठरल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

‘हू गेव्ह यू माय नंबर?’ म्हणणाऱ्याचा राग मात्र रास्त आहे, आणि हा भाग सरांनाही वाचायला दे. ती एक्सेल शीट कुठून आली? त्यात लोकांचे खासगी मोबाइल असतील तर प्रकरण साधं नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८च्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरने १४०पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असतात. साध्या दहा आकडी नंबरवरून असे फोन केले तर समोरचा १९०९वर तक्रार करू शकतो, आणि फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनंतर हे आणखी कडक झालं आहे. तक्रारीला त्याला सात दिवस मिळतात, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाईला सुरुवात होऊ शकते. पहिल्या वेळी आउटगोइंग पंधरा दिवस बंद, पुन्हा घडलं तर कनेक्शनं वर्षभरासाठी तोडली जातात. रोज साठ अनोळखी मोबाइल फिरवणाऱ्या नंबरला पाच तक्रारी म्हणजे काहीच नाहीत, आणि तो नंबर तुझ्या स्वतःच्या नावावरचा असला तर आत्ताच सरांना सांग की ऑफिसचं कनेक्शन द्या आणि नोंदणीचं मोबाइल कंपनीकडे विचारा. तू हॉटेलने स्वतः वेबसाइटवर दिलेल्या नंबरवर फोन कर, आणि मोबाइल नंबर समोरच्याने आपण होऊन दिला तरच वापर. त्या झापणाऱ्याला उत्तर एकच: ‘इट वॉज ऑन अ लिस्ट माय ऑफिस गेव्ह मी. आय ॲम सॉरी, आय विल टेक इट ऑफ.’ आणि खरोखर काढ. शीटमध्ये लाल कर, म्हणजे तुझ्यानंतर खुर्चीवर बसणारी मुलगीही त्याला फोन करणार नाही.

शीटचंच आणखी एक. ‘नॉट इंटरेस्टेड’, ‘कॉल लेटर’ असे शेरे मारून पुढे जातेस ना? त्याऐवजी समोरची व्यक्ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिही. ‘ब्लू टॉवेल्स, ऑरेंज पॅच, सध्याचा लॉन्ड्रीवाला शिवोलीचा, रविवारी येत नाही.’ महिन्याने परत फोन करशील तेव्हा ‘यू सेड युअर लॉन्ड्री डझन्ट कम ऑन संडेज, इज दॅट स्टिल सो?’ हे पहिलंच वाक्य म्हण. सरांना आकडे हवे असतील तर साठ कॉलांचा आकडा देण्यापेक्षा किती पिशव्या आल्या तो आकडा दे. पंधरा फोनांत एक पिशवी आली तर दिवस चांगला गेला समज. आठवडाभर एकही आली नाही तर आधी प्रश्न बदलून बघ. पूल नसलेल्या हॉटेलांना पूल टॉवेलांबद्दल विचारत बसली नाहीस ना, तेही तपास.

पिशवी मिळाली की ती आणायला ड्रायव्हरला एकट्याला पाठवू नकोस, पहिल्या खेपेला स्वतः जा. टॉवेल हाउसकीपरसमोर मोज, डागांचे फोटो तिथेच काढ आणि किती नग नेले त्याचं चलन कर. परत देताना पुन्हा तिच्यासमोरच मोज. एखादा डाग निघाला नसेल तर तो टॉवेल खाली दडपू नकोस, सगळ्यात वर ठेव आणि का निघाला नाही ते सांग. आम्हाला पटायचा तो लॉन्ड्रीवाला हाच. चलनावर तिची सही घे, आणि ती सही करत असतानाच विचार, परचेसमध्ये कोणाला भेटायचं आणि तुम्ही सोबत याल का.